नोकरी तीच ठेवून मन शांत करण्याची कोरगावी पद्धत

हे मार्गदर्शन गोव्यातल्या कोरगाव आणि पंचक्रोशीतल्या अशा मंडळींसाठी आहे, जी नोकरीने पार पिचली आहेत, पण घराच्या हप्त्यामुळे ती सोडू शकत नाहीत. हरमल, मांद्रे, आश्वे इथे जगभरातून माणसे शांतता शोधायला येतात. त्यांच्या चटया अंथरणारे, चादरी बदलणारे आणि मोपा विमानतळावर त्यांच्या बॅगा उतरवणारे हात बरेचसे आपल्याच बाजूचे. शांततेच्या इतक्या शेजारी राहून आपण अशांत असणे शोभत नाही. तेव्हा पुढील कृती क्रमाने करावी.

आधी निदान

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली नोकरीतल्या या करपून जाण्याची तीन लक्षणे सांगितली: अंगातले त्राण जाणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. सोमवारी सकाळी म्हापशाच्या बसस्टँडवर उभे राहून तिन्ही तपासावीत. संघटना म्हणते, हा आजार नव्हे. कामाच्या जागी सतत राहिलेला आणि नीट न हाताळला गेलेला ताण, हे त्याचे कारण. हा ताण कोणी हाताळायचा होता, ते त्या वाक्यात लिहिलेले नाही. ही मोकळी जागा मॅनेजमेंटने तत्काळ तुमच्या नावाने भरली आहे, याची नोंद घ्यावी.

साहित्य

नाक एक, चालू स्थितीत. मोबाइल एक, ड्युटीच्या ग्रुपसह. रजा शिल्लक असल्यास उत्तम. नसल्यास कल्पनेने घ्यावी.

कृती

१. श्वास. येणारा श्वास येताना पाहावा, जाणारा जाताना पाहावा. सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ साली इगतपुरीला सुरू केलेल्या केंद्रात हे दहा दिवस, मौन पाळून शिकवतात. फी नाही, मोबाइल काढून घेतात आणि पहाटे चारला उठवतात. पैकी पहाटे चारला आपण रात्रपाळीमुळे जागेच असतो, म्हणजे थोडा अभ्यासक्रम आपोआप झाला. उरलेल्यासाठी दहा दिवसांची रजा मागून पाहावी. साहेब जे उत्तर देतील ते मौन राहून ऐकावे. मौनाचाही सराव होतो.

२. देहाचे निरीक्षण. पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यावे. यासाठी म्हापशाहून पणजीला जाणारी सकाळची बस उत्तम. डावे पाऊल: दुसऱ्या कोणाच्या तरी चपलेखाली. उजवा गुडघा: निस्त्याच्या पाटीला टेकलेला, ओलसर. खांदा: कंडक्टरच्या चामडी पिशवीखाली. प्रत्येक संवेदना तटस्थपणे पाहावी, चांगली-वाईट म्हणू नये. कंडक्टर ‘फुडें वच, फुडें’ असे ओरडला की तो उपदेश जीवनालाही लागू आहे असे समजून पुढे सरकावे.

३. सजग भोजन. जॉन काबाट-झिन या अमेरिकन गृहस्थांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणावमुक्तीचा आठ आठवड्यांचा वर्ग काढला. त्यात एकच मनुका हातात घेऊन पाहायची, हुंगायची आणि सावकाश चावायची असते. आपण पेजेचे एक शीत घ्यावे. ते बोटावर धरावे, उजेडात पाहावे, त्याचा लालसरपणा न्याहाळावा, मग डोळे मिटून जिभेवर ठेवावे. एवढ्यात आई स्वयंपाकघरातून विचारेल, ‘‘पोटात दुखता रे बाबू?’’ हा अडथळा मानू नये. साऱ्या नोकरीच्या काळात तुमच्या तब्येतीची झालेली ही एकमेव गंभीर चौकशी आहे.

४. दुपारची झोप. आजवर सापडलेला हा सर्वांत स्वस्त उपाय. २०२२ च्या निवडणुकीआधी गोवा फॉरवर्डच्या विजय सरदेसाईंनी दोन ते चार ही वेळ झोपेसाठी सक्तीने मोकळी ठेवण्याचे आश्वासन दिले होते. त्यांचे सरकार आले नाही, त्यामुळे हे आश्वासन मोडल्याचे पाप कोणाच्याच माथी नाही. तूर्तास मीटिंगमध्ये मान खाली घालून ‘नोट्स घेत’ झोपावे.

५. कृतज्ञता. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहाव्यात. सुचत नसल्यास हा नमुना घ्यावा: नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास काम सांगितले, लार्सन अँड टुब्रोच्या सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे मत २०२५ मध्ये बाहेर आले. सत्तराला सातांनी भागल्यास रविवार धरून रोज दहा तास येतात. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात प्रौढ कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. तो कायदा लिहिणाऱ्यांबद्दल कृतज्ञता वाटली, तर पहिली ओळ झाली.

शंका आणि समाधान

शंका: हे सगळे केले, तरी सोमवारी पुन्हा तेच होते.

समाधान: खोल श्वास घ्यावा.

शंका: घेतला. दोन माणसांचे काम अजून मीच करतो आहे.

समाधान: याचे उत्तर इगतपुरी किंवा अमेरिकेत शोधण्याआधी शापोरा नदीकाठच्या खाजन शेतात जाऊन यावे. तिथे कोरगूट नावाचे भात पिकते. खारट जमिनीत तग धरण्याची त्याची ख्याती आहे. कंपनीच्या शिबिरात ‘लवचिक व्हा’ म्हणतात, ते हेच. पण एवढ्या चिवट भाताच्या भरवशावरही कोणी शेतकरी नदी मोकळी सोडत नाही. तो मातीचा बांध घालतो, त्यात मानस, म्हणजे पाण्याची झडप, बसवतो. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने मानशीचे दार मिटते. ओहोटीला ते उघडते आणि शेतातले पाणी बाहेर पडते. बांधाला भगदाड पडले तर लोक फावडी घेऊन धावतात. भाताला श्वासाचे व्यायाम शिकवायला कोणी जात नाही.

शंका: मग श्वास घेऊ नये काय?

समाधान: अवश्य घ्यावा. त्याने झोप बरी लागते, डोके थोडे थंड राहते आणि त्या थंड डोक्याने ओव्हरटाइमचा हिशेब नीट मांडता येतो. गावच्या कमळेश्वराच्या देवळात घटकाभर बसावे, भजनात टाळ धरावा; मन खरेच हलके होते. फक्त या हलकेपणाचा उपयोग आणखी एक जादा ड्युटी पेलण्यासाठी करू नये.

साहेबांसाठी स्वतंत्र सराव

हा खुर्चीत बसूनच करता येतो. पाठ ताठ ठेवावी. डोळे उघडावेत, मिटू नयेत. समोर महिन्याचा ड्युटी चार्ट धरावा आणि त्यातली नावे सावकाश मोजावीत. एकच नाव सकाळी आणि रात्री अशा दोन्ही रकान्यांत दिसले, तर तिथे थांबावे, त्या जाणिवेपासून पळू नये. मग फोन उचलून आणखी दोन माणसे कामावर घ्यावीत. या सरावाला चटई, घंटा, उदबत्ती काहीच लागत नाही. मात्र दर महिन्याला दोन पगार जादा लागतात, त्यामुळे कुठल्याही शिबिराच्या पत्रकात तो अजून छापून आलेला नाही.