माहितीपटांचा मध्यस्थ

रविवारी सकाळी सावनेरच्या बसस्टँडजवळ तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन उभा होतो. मागून पाठीवर थाप पडली.

"भाऊ, तुमचं ते पेंग्विन पाहिलं." आवाजात कृतज्ञतेचा मागमूस नव्हता. "सव्वा तास नुसता बर्फ! तेवढ्यात आमच्या हिनं फ्रीज साफ करून घेतला असता."

मे महिना होता, पारा पंचेचाळीसला टेकलेला. माणसाला तेवढाच गारवा म्हणून मी 2005 सालचा तो प्रसिद्ध फ्रेंच माहितीपट, 'मार्च ऑफ द पेंग्विन्स', सुचवला होता. ऑस्कर मिळालेला. मी ऑस्करचं नाव काढताच तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण त्या पिल्लाचं शेवटी काय झालं? आमच्याकडची लाइन गेली होती."

"तूच पाहा ना. सांगितल्यावर मजा राहत नाही," असं म्हणून मी तर्रीत मान घातली.

माहितीपट सुचवणं म्हणजे स्थळ सुचवणं. जुळलं तर दोन्हीकडची मंडळी म्हणतात, योगच होता. फिसकटलं तर जन्मभर एकच वाक्य ऐकायचं, "यांनीच आणलं होतं." आमच्या गावाला या विषयाची थोर परंपराही आहे. बाळकराम या नावानं लग्नाच्या मोहिमा रंगवून महाराष्ट्राला हसवणारे राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी इथे सावनेरातच गेले. त्यानंतर विनोदाच्या प्रांतात गावानं फारसं काही केलं नाही. मध्यस्थीचं काम मात्र मी एकट्यानं चालू ठेवलं आहे.

आमच्या पिढीचं माहितीपटाशी लग्न जबरदस्तीनं लागलं होतं, हे आधी कबूल करतो. 1948 साली सरकारनं फिल्म्स डिव्हिजन काढलं आणि थिएटरात मुख्य सिनेमाआधी त्यांची रिळं दाखवणं मालकांना बंधनकारक झालं. आपण जायचं हाणामारी पाहायला आणि पडद्यावर यायचं 'भारतीय समाचार चित्र'. एखादा पूर, एखादं धरण, फीत कापणारे मंत्री, आणि हे सगळं एकाच गंभीर आवाजात. लोक तेवढ्यात बिडी ओढून घेत, शेंगदाण्याची पुडी आणत. उशिरा आलेला माणूस डोअरकीपरला पहिला प्रश्न विचारी, "समाचार संपली का?" संपली असली की त्याच्या चेहऱ्यावर तिकिटाचे पैसे वसूल झाल्याचा आनंद दिसे. ते फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. आमच्या पिढीच्या मनातली अढी मात्र कशातच विलीन झाली नाही. अजूनही 'माहितीपट' म्हटलं की लोकांचा हात आपोआप खिशातल्या बिडीकडे जातो.

खरं तर हे घराणं मूळचं रंगेल. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि 1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पहिलं काय टिपलं? कुस्ती! देशातला पहिला माहितीपट म्हणजे दोन पैलवानांची झोंबाझोंबी. दादासाहेब फाळक्यांनी तर कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप भराभरा वाढताना पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. आपल्या सिनेमाला पहिलं कर्ज एका माहितीपटाच्या जामिनावर मिळालं आहे. हा दाखला मी कुणालाही स्थळ सुचवताना आधी ठेवतो. घराणं बघा म्हणावं.

जुळलेली स्थळं सांगतो. शेजारच्या काकाजींना वाघाचं वेड. त्यांना मी बीबीसीची 2008 सालची 'टायगर: स्पाय इन द जंगल' ही तीन भागांची मालिका दिली. निवेदन डेव्हिड अॅटनबरोंचं, पण जंगल आपल्या शेजारचं, मध्य प्रदेशातलं पेंच. कॅमेरे वाहून नेले हत्तींनी. वाघाला हत्तीची सवय, त्यामुळे वाघीण निवांत आणि तिचे चार बछडे हत्तीच्या सोंडेसमोर कुस्ती खेळतायत. त्या चारांतली एक पुढे 'कॉलरवाली' म्हणून गाजली. आठ बाळंतपणं, एकोणतीस पिल्लं. जानेवारी 2022 मध्ये ती गेली तेव्हा हार घालून तिला अग्नी दिला. काकाजींनी तिन्ही भाग एका बैठकीत पाहिले आणि तेव्हापासून ते कॉलरवालीबद्दल माहेरच्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलतात. "एकोणतीस पोरं काढली बाप्पा, पण कंबर वाकली नाही!" हे वाक्य ते नेमकं काकूंसमोर म्हणतात. स्थळ सुचवल्याबद्दल काकूंनी अजून मला माफ केलेलं नाही.

मामेभावाचं प्रकरण वेगळं. त्याच्या तोंडात चोवीस तास खर्रा. पन्नीत घोटत घोटतच तो आला आणि म्हणाला, "हसवणारं काही असलं तर सांग." मी लावून दिलं फैझा अहमद खान यांचं 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. मालेगावातल्या पोरांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या सुपरमॅनच्या सिनेमाची ही गोष्ट. दिग्दर्शक शेख नासिर, क्रेनच्या जागी बैलगाडी, आणि सुपरमॅन म्हणजे पॉवरलूमवर काम करणारा शफीक. इतका हडकुळा, की जोराचं वारं आलं तर खरंच उडेल. ऐन शूटिंगच्या मधे या सुपरमॅनचं लग्नच निघतं आणि जगाचं रक्षण काही दिवस तहकूब होतं. मामेभाऊ पोट धरून हसला. संपल्यावर मी सांगितलं, शफीक 2011 मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेला. मामेभाऊ गप्प झाला. हातातला खर्रा त्यानं खिशात ठेवला. तासाभरानं पुन्हा काढला. पण तो एक तास त्याच्या आईलाही कधी मिळाला नव्हता.

आता फिसकटलेलं स्थळ. आमच्या वाटेकऱ्याला मी मोठ्या कळकळीनं 'नीरोज गेस्ट्स' दाखवली. 2009 ची, दीपा भाटिया यांची. पत्रकार पी. साईनाथ विदर्भात कापूस पिकवणाऱ्यांच्या घरी जातात, आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायांशी बोलतात. रोमचा राजा नीरो मेजवानीत उजेड पाडायला माणसं जाळायचा. साईनाथ विचारतात, ते पाहत जेवणारे पाहुणे कोण होते? तासाभराच्या आतली फिल्म. वाटेकऱ्यानं ती शेवटपर्यंत शांतपणे पाहिली, टोपी झटकली आणि म्हणाला, "भाऊ, हे मी पाहून काय करू? मी तर यातच राहून रायलो. हे जेवणाऱ्याईले दाखवा."

मध्यस्थाच्या आयुष्यात एवढी जोरदार चपराक दुसरी नसेल. त्या दिवसापासून ती फिल्म मी फक्त नागपूरच्या नातेवाइकांना सुचवतो, आणि तीही सावजीचं पार्सल सोडण्याआधी.

मला स्वतःला कुणी सुचवलं नाही असं नाही. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' मी कित्येक वर्षं टाळली होती. तीन तासांची आहे, हे एकच कारण. शेवटी एक मित्र म्हणाला, "पाहू नको. नुसती ऐक." 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. पटवर्धनांनी तिथून सुरुवात करून चौदा वर्षं चित्रण केलं. मी ऐकायला म्हणून बसलो. पहिल्या गाण्यानंतर आवाज वाढवला, दुसऱ्यानंतर खुर्ची पुढे ओढली आणि तीन तासांनी उठलो तेव्हा चहा साय धरून थंड पडलेला होता. खरी मध्यस्थी ती. त्यानं ना पुरस्कार सांगितले, ना विषय. माझा स्वभाव ओळखून फक्त दार किलकिलं केलं.

म्हणजे पत्रिका फिल्मची नाही, बघणाऱ्याची पाहायची. एवढं कळल्यावर मला पेंग्विन आठवले आणि अंगावर काटा आला. कारण आता लपवण्यात अर्थ नाही: ती फिल्म मीच पुरती पाहिलेली नव्हती. विसाव्या मिनिटाला कूलरच्या गारव्यात मला झोप लागली होती. मुलगी न पाहताच मी वरपक्षाला शब्द देऊन बसलो होतो.

त्याच रात्री बायकोला सोबत घेऊन बसलो. अंटार्क्टिकातला हिवाळा, माणूस गोठेल असं वारं. मादी अंडं घालते, नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्राकडे चालू लागते. नर दोन महिने ते अंडं पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, उपाशी उभा. बसायचं नाही, खायचं नाही, चहा मागायचा नाही. बायकोनं माझ्या हातातून रिमोट काढून घेतला, चित्र थांबवलं आणि शांतपणे विचारलं, "हे तुम्ही किती बायांच्या नवऱ्याईले सुचवलं?"

"एकालाच," मी म्हणालो.

"सगळ्याईले सुचवा."

तेव्हा वाचकहो, माहितीपट अवश्य सुचवा. आधी समोरच्याचा चेहरा पाहा, मग फिल्मचं नाव घ्या. आणि त्याहीआधी ती स्वतः, जागेपणी, शेवटपर्यंत पाहा. बसस्टँडवरच्या त्या मित्रालाही दुसऱ्या दिवशी गाठून सांगितलं. पिल्लू जगतं आणि शेवटी समुद्रात उतरतं.