कणगीत हात घालणाऱ्या साहेबांस

प्रति,
मा. पोलीस उपनिरीक्षक साहेब
(ठाण्याचं नाव मुद्दाम गाळलं आहे)

विषय : सदर इसमाच्या भाताच्या कणगीबाबत.

महोदय,

सदर इसम कोकणातला शेतकरी असून शेतसंरक्षणाच्या परवान्यावर त्याच्याकडे ठासणीची एक बंदूक आहे. गेल्या आठवड्यात साहेब दोन शिपायांसह ती तपासायला आले. इसमाने कपाटातून बंदूक काढली, परवाना पुढे केला. साहेबांनी नळीवरचा नंबर अंगठ्याने पुसून ताडून पाहिला. जुळला. एव्हाना चहा उकळला होता. पण साहेब म्हणाले, "आलोच आहोत, तर घरही बघून घेऊ."

मग कोपरापर्यंत हात कणगीत गेला. माळ्यावरची भांडी खाली आली. सुनेची बॅग खाटेवर उपडी झाली.

"आलोच आहोत तर" हे कलम इसमाने शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये शोधलं, सापडलं नाही. कलम 19 खाली परवाना मागता येतो, तो शस्त्र घेऊन फिरणाऱ्याकडे. कलम 22 खाली झडती होते, पण आधी दंडाधिकाऱ्याने संशयाची कारणं लिहून ठेवायची आणि झडतीला स्वतः तरी हजर राहायचं, नाहीतर केंद्र सरकारने खास अधिकार दिलेला अधिकारी तरी हवा. कणगीपाशी फक्त मांजर हजर होतं. गुन्ह्याचा तपास असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 185 प्रमाणे कारणं लिहायची आणि 48 तासांत नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्याकडे धाडायची. शिवाय परिसरातले दोन पंच, आणि 1 जुलै 2024 पासून चित्रीकरणही. शिपायाने मोबाइल काढला होता खरा, रेंज शोधायला.

शेवटी शेजाऱ्याला हाक मारून साहेबांनी कोरा कागद पुढे केला. "सही कर, मजकूर ठाण्यात भरतो."

का म्हणून? नूतनीकरणाच्या अर्जात एक रकाना सुटला तर इसमाला तालुक्याला दोन खेपा पडतात. आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना साहेबांना एक ओळ लिहवत नाही?

(निवडणुकीचं गाऱ्हाणं वेगळंच. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली. बंदूक ठाण्यात जमा, रानडुकरं पिकल्या भातात. सरसकट जमा करू नका, एकेक परवाना छाना, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलं होतं.)

निघताना साहेब पडवीत टेकले, बूट काढला. टाचेला फोड आला होता. सकाळपासूनचं हे अकरावं घर, पेट्रोल पदरचं. हुकूम वरून आला, तोही फोनवर : "सगळ्यांची घरं बघून घ्या." म्हणजे लेखी कागद साहेबांनाही कोणी दिला नव्हता. उद्या प्रकरण अंगाशी आलं, तर फोनवाले म्हणतील, आम्ही कुठे सांगितलं? कणगीतला हात तेवढा साहेबांचा. इसमाच्या आईने शिव्या गिळून खोबरेल आणून दिलं.

पुढच्या वेळी साहेबांनी वरून एक ओळ लिहून मागावी, ही विनंती.

आपला,
सदर इसम

ता. क. : भात उपसताना साहेबांच्या पेनाचं टोपण सापडलं. येऊन घेऊन जावं. पावती तयार आहे.