बैठक ऑर्किडची आहे, तर ऑर्किडबद्दल बोला

नांदेड-लातूरकडच्या ऑर्किड वाढवणाऱ्यांचा आमचा एक छोटा गट आहे. एका महिन्यात बैठक नांदेडला, पुढच्या महिन्यात लातूरला. या गटात मी हौसेने गेले, आजही आहे, आणि गट टिकावा असं मनापासून वाटतं म्हणूनच ही तक्रार मांडते.

बैठकीची वेळ साडेदहाची. लातूरला बैठक असली की नांदेडची आम्ही मंडळी अंधारात उठतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत, मांडीवर कुंडी सांभाळत वेळेवर पोचतो. हॉलमध्ये तेव्हा खुर्च्या मांडणारा मुलगा तेवढा असतो. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सदस्यांना फोन केला की उत्तर येतं, "निघालोच की, गाडी काढायलो." मग साडेअकरा वाजतात. लांबून येणारा वेळेवर आणि जवळचा उशिरा, हे दर वेळी घडतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

त्यानंतर सत्कार. प्रमुख पाहुण्यांचा, अध्यक्षांचा, हॉल देणाऱ्यांचा, मागच्या वेळी राहून गेलेल्यांचा. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. त्या गुच्छात जांभळ्या डेंड्रोबियमच्या दांड्या प्लॅस्टिकमध्ये आवळून बांधलेल्या असतात. झाडावर महिनाभर टिकणारं फूल उन्हात गाडीत ठेवलं की संध्याकाळी मान टाकतं. ऑर्किड वाढवणाऱ्यांनी पाहुण्यांना द्यायचंच असेल तर रोप द्यावं. हे मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा "बघू" झालं.

लातूरच्या एका बैठकीला चाकूरच्या एक मावशी आल्या होत्या. कापडी पिशवीत डेंड्रोबियमची कुंडी. सत्कार आणि प्रास्ताविक संपेपर्यंत ती पिशवी खुर्चीखाली, पंख्याच्या झोतात. शेवटी मावशी उठल्या. "सर, ह्याला काय झालंय बघा की. पानं गळायलेत." सरांना गाडी गाठायची होती. "पाणी कमी करा," म्हणून ते निघाले. मी कुंडी पाहिली. रोपवाटिकेने काळी माती दाबून भरली होती. खोडं सुरकुतलेली, मुळं तपकिरी आणि बोटाने दाबली की सालपट निघत होतं. ऑर्किडची मुळं हवेत राहणारी. त्यांच्यावर पांढरट आवरण असतं, ते ओलं झालं की हिरवट दिसतं आणि वाळलं की पुन्हा चंदेरी. चिकट काळ्या मातीत ती गुदमरतात आणि कुजतात. मग पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने सुरकुततं. त्यामुळे पाणी कमी करूनही हे झाड वाचलं नसतं. सडकी मुळं कापून कोळसा आणि विटांच्या तुकड्यांत ते नव्याने लावायला हवं होतं. हे काम सर्वांदेखत पंधरा मिनिटांत झालं असतं आणि हॉलमधला प्रत्येक जण काहीतरी शिकून गेला असता. बैठक असते कशासाठी?

वक्ते बहुधा पुण्या-मुंबईचे किंवा कोकणातले. अभ्यासू असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या संयोजकांबद्दल. त्यांना आमच्याकडचा उन्हाळा माहीत आहे, तरी ते पाहुण्यांना एका शब्दाने सांगत नाहीत. पाहुणे म्हणतात, हवेत सत्तर टक्के आर्द्रता ठेवा, दिवसातून चार वेळा फवारा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो आणि दोरीवरचं धुणं बघता बघता कडक वाळतं. शिवाय हे लातूर आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर. तिथे जमलेल्या माणसांना "भरपूर पाणी द्या" हा सल्ला देऊन कसं चालेल?

आमच्या बैठकीत बोलायला हवं ते वेगळंच आहे. बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार पानांवर आणि मुळांवर पांढरे थर धरतात. म्हणून पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी टाकीत साठवावं, उन्हाळ्यात एसीचं ठिबकणारं पाणी वापरावं. कूलरच्या टाकीतलं मात्र कधीच नको, पाणी उडून गेल्यावर क्षार त्यातच साचत जातात. व्हँडा, फॅलेनॉप्सिस यांच्या पानांची रंध्रं दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात. तेव्हा भर दुपारी फवारा मारण्यात अर्थ नाही. पाणी पहाटे द्यावं आणि संध्याकाळी कुंड्यांखालची फरशी आणि विटा ओल्या कराव्यात. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या खोबणीत पाणी साचू दिलं तर गाभा कुजतो. नोव्हेंबरपासून आमच्या रात्री गार होतात, फॅलेनॉप्सिसला दांडी धरायला तोच गारवा लागतो. ही आमच्या हवेची जमेची बाजू, तिच्याबद्दलही कुणी बोलत नाही.

आणि आपल्या रास्नेकडे तर कुणाचंच लक्ष नाही. व्हँडा टेसेलाटा. दख्खनच्या कोरड्या रानात आंब्याच्या, मोहाच्या खोडाला धरून ती ऊन सोसते. पिवळट-तपकिरी जाळीदार पाकळ्या, जांभळट ओठ आणि सुगंध. प्रा. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा दोन खंडांचा ग्रंथ 1998 साली छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतून, निघाला. आपल्या मातीतल्या वनस्पतींची एवढी नोंद हाताशी असताना आमच्या बैठकीत तो एकदाही उघडला गेलेला नाही. थायलंडच्या रोपांचे दर मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

रास्नेचं नाव निघतं ते एकाच कारणाने. कुणीतरी किनवट-माहूरकडून खोडावरून ओरबाडलेलं झाड आणतं आणि टाळ्या घेतं. याचा मला खरा संताप येतो. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नसाठा नसतो. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं आणि फुलावर यायला त्याला वर्षं लागतात. राखीव वनातून परवानगीवाचून झाड काढणं गुन्हाही आहे. अशा झाडाला बैठकीत टेबलावर जागा मिळता कामा नये. रास्ना हवी असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली घ्यावी.

ग्रुपवर रोज सकाळी शुभेच्छांसोबत दुसऱ्याच कुणाच्या तरी ऑर्किडचे फोटो येतात. त्याऐवजी आपल्याच मेलेल्या झाडाचा एक फोटो आणि खाली कुंडीत काय भरलं होतं, पाणी कुठलं होतं, एवढं लिहिलं तर वर्षभरात नांदेड-लातूरची स्वतःची माहिती जमेल.

पुढची बैठक लातूरला आहे. साडेदहाला जे हजर असतील त्यांनी सुरुवात करावी. पहिला तास सदस्यांनी आणलेल्या आजारी झाडांना द्यावा, पाहुण्यांनी त्यानंतर बोलावं. सत्कार हा विषय कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाकावा. तशी लेखी विनंती मी दिली आहे, आणि इतर सदस्यांनीही तिच्यावर सह्या कराव्यात.