पन्नासच्या आतले अण्णा

खिशात पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएसचा पेन घेऊन हिंडणारा माणूस तुम्हालाही कुठे ना कुठे भेटलेला असणारच. आमच्या इमारतीतल्याला सगळे अण्णा म्हणतात. मध्यंतरी खालच्या मजल्यावर सत्यनारायण होता. अण्णांनी तीर्थ घेतलं, प्रसाद घेतला, हात डोक्यावरून फिरवला आणि चौरंगाशेजारच्या तांब्यात पेन बुडवून भर मंडळीत जाहीर केलं, “चारशे ऐंशी! टँकरचं दिसतंय.” यजमानीणबाईंनी त्यांना दुसऱ्यांदा प्रसाद विचारला नाही.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथेही तेच. पोहे यायच्या आधी पाणी आलं. अण्णांनी पेला हातात घेतला, सोफ्याच्या कडेला वळून पेन बुडवला आणि पुतण्याच्या कानात म्हणाले, “एकशे दहा. माणसं बरी दिसतात.” लग्न जमलं. त्याचं श्रेय अण्णा आजही पेनला देतात.

ह्या सगळ्याचं मूळ त्यांच्या गॅलरीत आहे. व्हीनस फ्लायट्रॅप नावाचं कीटक खाणारं झाड. त्याला पन्नासच्या आतलं पाणी लागतं. त्यापुढे गेलं की क्षार कुंडीत साठत जातात आणि मुळं जळतात. नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनात, विल्मिंग्टन गावाच्या आसपासच्या टापूत ते रानात उगवतं. मूळचं ते तेवढ्याच भागातलं. तिथली जमीन रेताड, ओली आणि सत्त्वहीन. जमिनीतून काही मिळेना म्हणून झाडानं पानांचे सापळे केले आणि नायट्रोजनची सोय किड्यांवर लावून दिली. थोडक्यात, गरिबीत वाढलेल्या ह्या झाडाला श्रीमंती सोसत नाही. काकूंनी एकदा मायेनं मूठभर शेणखत घातलं आणि पहिलं झाड गेलं. तेव्हापासून काकूंना गॅलरीत प्रवेश आहे, पण हात मागे बांधून.

घरात आरओचं मशीन आहे. त्याचं पाणी झाडांना. माणसं नळाचं उकळून पितात. उन्हाळ्यात अख्ख्या विंगच्या एसींच्या नळ्यांखाली अण्णांचे कॅन लागतात, आणि प्रत्येक एसीचा आकडा त्यांना तोंडपाठ असतो. “तुमचा एसी अठ्ठावीस आला, सर्व्हिसिंग करून घ्या,” असं मला त्यांनी जिन्यात अडवून सांगितलंय. जूनमध्ये पहिल्या सरीचं पाणी ते सोडून देतात, कारण त्यात गच्चीची धूळ असते. दुसऱ्या सरीला मात्र काकूंची यच्चयावत पातेली गच्चीवर. त्या दिवशी त्या घरात कुकरच्या डब्यात आमटी होते.

शेवाळ्याची कथा आणखी वेगळी. पावसाळ्यापूर्वी गच्चीवरचं शेवाळं खरवडायला सोसायटी माणूस लावते. न जाणो, कुणी घसरून पडायचं. त्याच आठवड्यात अण्णांकडे कुरियरनं डबा येतो, आणि त्यात विकत घेतलेलं शेवाळं! झाडांच्या कुंड्यांसाठी स्फॅग्नम मॉस, तेही जिवंत. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा अण्णा अर्धा तास बोलले. हे साधं शेवाळं नव्हे, ह्याच्या मेलेल्या पेशीसुद्धा पाणी धरून ठेवतात, वाळलेल्या वजनाच्या पंधरा-वीस पट. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमांवर ह्याच्या पट्ट्या बांधत. ह्याला मुळं नसतात, वरून वाढतं आणि खालून मरत जातं. “म्हणजे आपली कमिटीच,” सेक्रेटरी म्हणाले आणि निघून गेले.

थंडीत झाडाला झोप लागते. तिकडे कॅरोलायनात तीन-चार महिने गारठा असतो. आपल्याकडे पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा, त्यात बिचाऱ्यानं झोपायचं कधी? म्हणून डिसेंबर लागला की अण्णा झाडं उपसतात, ओल्या मॉसमध्ये गुंडाळतात आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी ठेवतात. ज्या फ्रिजमध्ये काकूंनी आजवर अंडं येऊ दिलं नाही, त्यात फेब्रुवारीअखेरपर्यंत सहा मांसाहारी घोरत असतात.

हे सगळं सहन करता येईल, पण अण्णांना चुकीचं वाक्य खपत नाही. कुणी म्हणालं, “मस्त, डास खात असेल!” की झालंच. रानात ते मुख्यतः मुंग्या आणि कोळी खातं. डार्विननं 1875 साली कीटकभक्षी झाडांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते तरी वाचा. डार्विन म्हणजे जणू ह्यांचे आत्येभाऊ. एकदा एक पाच वर्षांची चिमुरडी आईच्या मागे लपून म्हणाली, “हे चावतं?” अण्णा तिच्यासमोर मांडी घालून बसले. “चावत नाही, बाळ. मिटतं. आत बारीक केस आहेत ना, त्यांना वीस सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच. एका धक्क्यानं नाही. पावसाचा थेंब पडला तर उगाच कशाला मिटायचं?” पोरगी रडायला लागली. अण्णांना वाटलं, समजलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

एक सापळा आयुष्यात मोजक्या वेळाच मिटतो, मग काळा पडून गळतो. त्यामुळे पेन्सिल घेऊन आलेल्या पोरांवर अण्णा वसकन ओरडतात. पण इमारतीतल्या ज्या मुलाचा वाढदिवस असेल, त्याच्यासाठी एक सापळा राखून ठेवलेला असतो. त्याची नोंद वहीत असते. अण्णा चिमट्यानं मेलेली मुंगी सापळ्यात ठेवतात, मुलाच्या हातात टूथपिक देतात. एक धक्का. दुसरा. पापणी लवायच्या आत सापळा मिटतो आणि पोरगं किंचाळतं. खरी गंमत पुढे आहे. मुंगी मेलेली असल्यामुळे आत हालचाल होत नाही, आणि हालचाल नसली तर झाडाला वाटतं, फसलो. ते पुन्हा उघडतं. म्हणून अण्णा मिटलेला सापळा दोन बोटांत धरून हलके हलके चोळत बसतात. केक कापायची वेळ होते, खालून हाका येतात, मूल पळतं. अण्णा चोळतच असतात.

गेल्या सप्टेंबरात सोसायटीची सहल कासला गेली. सगळे फुलांचे गालिचे बघत होते, अण्णा मात्र कातळावर पालथे पडले. तिथे पातळ मातीत दवबिंदू नावाची इवलीशी लालसर वनस्पती होती. चिकट थेंबांवर किडे धरणारी, आपली, घरची. पलीकडे ओलीत सीतेची आसवं, तीही कीटकभक्षीच. अण्णांनी शेजारच्या डबक्यात पेन बुडवला. नेहमीसारखी घोषणा केली नाही. नुसता पेन माझ्यापुढे धरला. अठरा. “इथं कुणी आरओ लावलेला नाही,” एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, एखादं रोप हळूच रुमालात जाईल. त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

तेवढ्यात सेल्फी स्टिक घेतलेलं एक टोळकं वाट सोडून थेट त्या ओलीकडे आलं. “काका, काय बघताय? काय आहे तिथं?”

अण्णा उठले, चष्मा सारखा केला आणि डार्विनच्या ह्या आत्येभावानं गंभीर आवाजात सांगितलं, “मागे व्हा. मांसाहारी झाड आहे, चावतं. आत्ताच एकाला सातारला सिव्हिलमध्ये नेलाय.”