तेलीबांध्यावरचे आबा

संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या काठाने चक्कर मारली की हे गृहस्थ हमखास भेटतात. रायपूरकरांनी या काठाला मरीन ड्राइव्ह करून टाकलंय. समुद्राची उणीव खाण्याचे ठेले भरून काढतात. एका हाताला आठ वर्षांची नात, दुसऱ्याला पाच वर्षांचा नातू, खांद्याला पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर 'काय करणार, पोरांचा हट्ट' असा भाव. हट्ट कुणी धरला ते मात्र विचारू नये. पोरं दुपारच्या झोपेतून पुरती जागी व्हायच्या आतच "आज तलावावर जायचं का रे?" हा प्रश्न आबांनी टाकलेला असतो.

हे आबा तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरातले. पूर्वज नागपूरच्या बिंबाजी भोसल्यांबरोबर आले, असं सांगतात. १७५८ साली बिंबाजी रतनपूरला आले, तेव्हा रायपूरची मराठी घरं म्हणतात तितकी माणसं त्यांच्यामागून खरोखर निघाली असती, तर नागपूर ओस पडलं असतं. नोकरी सरकारी. मध्य प्रदेशात लागले, छत्तीसगडात निवृत्त झाले, आणि खुर्ची मात्र तीच. २००० साली राज्यच बदलून गेलं.

बाप म्हणून आबांचा कायदा कडक होता: बाहेरचं खाणं म्हणजे कावीळ. महाराष्ट्र मंडळातला प्रसाद आणि लग्नाची पंगत सोडली, तर त्यांच्या मुलाने घराबाहेर तोंड उघडलं ते बोलण्यापुरतं. धमतरीच्या छोट्या रेल्वेगाडीत अभनपूरला भज्यांचा वास आला की पोराने खिडकीशी सरकावं आणि आबांनी खिडकी लावून घ्यावी. पुढे शहरातली ती छोटी लाईन उठली, तिच्या जागेवर एक्सप्रेस-वे झाला. आबांचा कायदाही त्याच सुमारास उखडला गेला. नात चालायला लागली होती.

आता मागणी कशी नोंदवली जाते ते पाहा.

"ताई, तुला काय?"

"मंचूरियन."

"वा! आणि बाळ, तुला?"

"आइसक्रीम."

"ते शेवटी. आधी दहीबडा घेऊ, तुला आवडतो ना?" बाळाने दहीबडा जन्मात चाखलेला नसतो. तोवर आबा ठेल्याकडे वळलेले असतात. "भैया, एक दहीबडा लगा दो, बच्चे के लिए. मिर्ची जरा ज्यादा."

गुपचुपच्या ठेल्यावर तर शिकवणीच लागते. नातवाचं तोंड लहान, पुरी मोठी, पाणी कोपरापर्यंत ओघळतं. "अरे, असं नाही, असं," म्हणत आबा एक खाऊन दाखवतात. विद्यार्थी मंद निघतो. प्रात्यक्षिक प्लेट संपेपर्यंत चालतं. शेवटची कोरडी पुरी मात्र हक्काने मागून घेतात आणि ती नातवाला देतात. शिक्षकाने सगळंच कसं खायचं?

पोरं अर्धं खाऊन उठली की आबांचे संस्कार जागे होतात. अन्न टाकू नये. मोमोचा उरलेला तुकडा, मंचूरियनचा रस्सा, वितळलेलं आइसक्रीम, सगळं ते धर्मकर्तव्य म्हणून संपवतात. डॉक्टरांनी साखर बंद केलीय. पण पोरांनी उरवलेल्या जिनसात साखर नसते, असं आबांचं वैद्यकशास्त्र आहे.

तलावाकाठी ८२ मीटर उंच झेंडा आहे. "चुकामूक झालीच तर झेंड्याखाली उभं राहायचं," हे ते पोरांना दरवेळी बजावतात. पोरं शहाण्यासारखी तिथे उभी राहतात. जिलेबीच्या कढईसमोर हरवलेले आबा बऱ्याच वेळाने सापडतात.

कधी रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जातात. नातू पाण्याचा ग्लास टेबलभर सांडतो. आबा वेटरला हसून सांगतात, "बच्चा है." याच माणसाने एकेकाळी ताक सांडलं म्हणून आपल्या मुलाला पानावरून उठवलं होतं. पण त्यात विसंगती नाही. बाप पोरांना घेऊन जेवायला बसतो, तेव्हा त्याला बिल, शिस्त आणि उद्याची शाळा अशी तिन्ही ओझी मांडीवर घेऊन बसावं लागतं. आबांच्या बिलाला पेन्शन आहे, शिस्त त्यांनी मुलाकडे सोपवलीय, आणि पोट बिघडलंच तर ते सूनबाईंच्या खात्यात. एवढं सगळं उतरवून ठेवल्यावर भूक लागणारच. तीस वर्षं तुंबलेली होती ती.

परतताना रिक्षात कोर्टाची तयारी होते. "घरी विचारलं तर काय सांगायचं? आबांनी काही घेतलं नाही." पोरं माना डोलावतात.

दारात मुलगा उभाच. आता तोच कावीळ, तेल, उघड्यावरचं पाणी असं सगळं बोलत असतो. शब्द आबांचेच, फक्त आवाज तरुण. "बाबा, शुगर किती आहे तुमची? काय काय खाल्लं?"

आबा चपलांचे बंद सोडण्यात गढून जातात. नातू इमानाला जागून पुढे होतो.

"नाही बाबा, आबांनी काहीच नाही घेतलं. ते तर माझंच खाऊन राहिले होते."