दोन इंची बारगीर : घरच्या घरी घडवण्याची शास्त्रशुद्ध रीत

रायपुरातल्या मराठी घरात पाहुण्याचा चहा संपत आला की यजमान हमखास सांगतात, "आम्ही भोसल्यांबरोबर इकडे आलो." अशा विधानाला शोकेसमध्ये एखादा पुरावा असलेला बरा. अस्सल पुरावा हाती नसल्यास तो घरी करता येतो. पुढील कृती त्यासाठीच आहे.

१. माणूस ठरवणे

मोठा माणूस घडवू नये. छत्रपती, पेशवे आणि सरदार यांचे पुतळे पुष्कळ आहेत आणि त्या पुतळ्यांच्या मिशांवर हरकती घेणारे त्याहून पुष्कळ आहेत. आपल्याला हवा आहे साधा घोडेस्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, १७४१ मध्ये बंगालच्या वाटेवर रतनपुरावर चालून आले. तिथला हैहयवंशी राजा रघुनाथसिंह म्हातारा होता. त्याने फारसा प्रतिकार केला नाही. त्या फौजेतला कुणीही एक उचलावा. तो तक्रार करणार नाही.

मग तो बारगीर की शिलेदार, हे ठरवावे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःच्या पदरचा. बारगिराचा घोडा मेला तर सरकार दुसरा देई, शिलेदाराचा मेला तर त्याचा संसार बुडे. त्यामुळे शिलेदार घडवायचा असल्यास चेहऱ्यावर काळजी दाखवावी लागते. चेहरा सात मिलिमीटरचा असल्याने नवशिक्याने बारगीरच घ्यावा.

२. साहित्य

गोलबाजारातून आणलेली मिलिमीटरभर जाडीची ॲल्युमिनियमची तार, एम-सीलची पुट्टी, सुया, टाचण्या, दात कोरायच्या काड्या, व्हॅसलीन, वाटीभर पाणी, बारीक सँडपेपर, हातमोजे.

एम-सील आणण्यापूर्वी न्हाणीघरातला टपकणारा नळ दुरुस्त करून घ्यावा. न केल्यास पहिल्या पुडीपासून शेवटच्या पुडीपर्यंत प्रत्येक वेळी इतिहास महत्त्वाचा की नळ, या विषयावर घरात परिसंवाद होतो आणि त्यात इतिहासाची बाजू मांडणारा एकटाच असतो.

काम हिवाळ्यात काढावे. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. तेव्हा पुट्टी इतक्या झपाट्याने आवळते की नाकाला आकार देईपर्यंत कान दगड झालेले असतात.

३. सांगाडा

माप ५४ मिलिमीटर, म्हणजे साधारण एकास बत्तीस. हे माप टाळूपर्यंत धरायचे की डोळ्यांपर्यंत, यावर या छंदातले लोक वर्षानुवर्षे भांडत आहेत. आपण पगडी घालणार असल्याने भांडणात पडू नये. उंची डोक्याच्या साडेसात पट धरून तार वाकवावी. पावलांखाली तारेची टोके मोकळी सोडावीत, ती पुढे लाकडी ठोकळ्यात बसतात.

घोडा आत्ता करू नये. चार पाय, मान आणि शेपूट यांचे शरीरशास्त्र हा स्वतंत्र आणि दुःखद विषय आहे. कुणी विचारल्यास घोडा पलीकडच्या शेतात चरायला गेला आहे, असे सांगावे. ज्यांच्या शेतावरून फौजा गेल्या, त्यांची तक्रारही हीच होती.

४. अंग

एम-सीलचे दोन्ही भाग समसमान घेऊन एकच रंग येईपर्यंत मळावेत. ताजी पुट्टी बोटांना चिकटते, म्हणून थोडा वेळ थांबून मगच हत्यार लावावे. हत्यार पाण्यात बुडवत राहावे. छाती आणि कंबर आधी भरून वाळू द्यावी, मग हातपाय. डोके वेगळ्या काडीवर घडवावे. डोळा मिलिमीटरभरही भरत नाही. सुईच्या टोकाने रेघ ओढावी आणि श्वास नंतर सोडावा.

माणूस आधी पूर्ण उघडा घडवायचा असतो, कपडे त्यानंतर. या काळात सासरची मंडळी येणार असल्यास मूर्तीवर वाटी पालथी घालावी.

५. कपडे

इथे अभ्यास लागतो. मराठा स्वाराला गणवेश नव्हता, म्हणून काहीही घातले तरी चालेल, असे वाटते. प्रत्यक्षात गणवेश नसल्यामुळेच प्रत्येकाला आपले मत बरोबर वाटते. ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांच्या पुस्तकात चित्रे आहेत. पण छावणी शिंद्यांची आणि काळ साठ-सत्तर वर्षे पुढचा. उरलेली माहिती चित्रपटांतून येते आणि ती बहुधा तलम असते.

अंगरख्याचे बंद बांधण्यापूर्वी थांबावे. मोगल काळातल्या चित्रांत हिंदूंचे बंद डाव्या काखेकडे आणि मुसलमानांचे उजवीकडे दाखवायची रीत दिसते. मराठ्यांच्या फौजांत दोघेही होते. म्हणजे पुट्टीची एक बारीक वळी कुठे चिकटवायची, हे ठरवताना तुम्ही एका माणसाचा धर्म ठरवता. इतका मोठा निर्णय पुट्टी ओली असतानाच घ्यावा लागतो.

चुण्या काखेतून, कोपरातून आणि कमरबंदाच्या गाठीतून निघतात. पुणेरी पगडी घालू नये. बारगीर व्याख्यानाला निघालेला नाही. आवळून बांधलेले मुंडासे पुरे.

६. शस्त्रे

ढाल चौदा मिलिमीटरची. चमच्याच्या पाठीला व्हॅसलीन लावून त्यावर पुट्टी पातळ थापावी, वाळल्यावर गोल कापावी आणि टाचणीची चार डोकी फुल्या म्हणून बसवावीत. तलवार अठ्ठावीस मिलिमीटर लांब आणि कागदासारखी पातळ. ती मोडते. पुन्हा करावी. तीही मोडते.

७. तज्ज्ञांचा सल्ला

रायपुरात मातीकाम जाणणारा माणूस हवा तर माना कॅम्पात जावे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची ती वसाहत आणि तिथले मूर्तिकार दुर्गेपासून गणपतीपर्यंत सगळे घडवतात. त्यांचा बांबू-पेंढ्याचा सांगाडा आणि आपला तारेचा, तत्त्व एकच. तोल कुठे चुकला, हे ते एका नजरेत सांगतात. मात्र "भैया, ये है कौन?" या प्रश्नाला "सिपाही" एवढेच उत्तर द्यावे. बंगालीत मुलांना निजवताना जिची भीती घालतात ती 'बर्गी' म्हणजे हाच गृहस्थ. ज्याच्याकडून याची मान सरळ करून घ्यायची, त्याच्या आजीला याने घाबरवले होते, हे काम संपेपर्यंत उघड करू नये.

यानंतर मूर्ती चौबे कॉलनीत किंवा तात्यापाऱ्यात कुणा आजोबांना दाखवावी. ते पगडी, मिशी आणि जोडा नापसंत करतील आणि शेवटी म्हणतील, "थेट आमच्या पणजोबांसारखा दिसतो."

८. दुरुस्ती

तलवार पुन्हा मोडल्यावर निराश होऊ नये. मुठीत उरलेला तुकडा टोकाकडे तिरपा घासावा. त्याचा उत्तम बोरू होतो. ढालीच्या जागी दप्तराचे गाठोडे द्यावे. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपुरात गादीवर बसले, त्यांच्या राज्यात मोडी लिपी इकडे रुजली. पुढे सुभेदार विठ्ठल दिनकरांनी १७९० नंतर परगण्यांची घडी बसवली आणि कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे असे हुद्देदार गावोगाव वसुली लिहू लागले. रेल्वे आल्यावर तर आपल्यापैकी बरेच जण तिकीट काढून, नेमणुकीचा कागद खिशात घालून उतरले. तेव्हा मूर्तीची ऐतिहासिक सत्यता या दुरुस्तीने वाढते.

फायदे आणखीही आहेत. कारकुनाला घोडा लागत नाही. माना कॅम्पात तो कोण, हे खरे सांगता येते. आणि बैठकीत ठेवल्यावर तो आपल्या पणजोबांसारखा दिसतो, असे कुणीच म्हणत नाही, त्यामुळे मूर्ती कुणी मागून नेत नाही.