नी हाव, कुरखेडा!

मँडरिन शिका, जग तुमचेच, असे हल्ली ऐकू येते. इंग्रजी होतीच, आता तिला जाऊ आली. गडचिरोलीतल्या कुरखेड्याने तरी का मागे राहावे? इथला पोरगा घरी गोंडी, बाजारात झाडीबोली, टीव्हीपुढे हिंदी आणि शाळेत पुस्तकी मराठी बोलतो. तरी ‘भाषा कच्ची’ हा शेरा ठरलेला. त्यात चार सुरांची मँडरिन! एका सुरात ‘मा’ म्हणजे आई, दुसऱ्यात घोडा. आपल्याकडे निदान आई आईच राहते.

घाबरू नका, सरकारचेही ठरत नाही. २०१९च्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांत चिनी होती. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर दीडच महिन्यात आलेल्या अंतिम धोरणातून गळाली. गोंडीला ती भीती नाही. २०११च्या जनगणनेत जवळपास ३० लाख भाषक, पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती शिरलीच नाही, गळणार कुठून? संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारही नव्हते, ती मात्र ऐसपैस बसली आहे.

मनात असेल तर परकी भाषाही येते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले. इकडे कुरखेड्याला बदलीवर आलेले साहेब पहिल्या दिवशी एवढेच विचारतात, परतीची बस किती वाजता?